अक्कांचा नवरा

यशवंतनं माझ्या दोन्ही गालांना साबण फासला होता आणि मी डोळे मिटून, मान मागं टाकून खुर्चीत बसलो होतो. बाजारचा दिवस होता. दारातल्या बाकावर दोन परगावचे गडी नंबर लावून बसले होते. एकाच्या हातात पेपर होता, त्याची पानं वाजत होती.

"परत आलंय बघ अक्काचं," तो म्हणाला.

"काय म्हणतोय?"

"काय म्हणणार? पोलिसांना धागादोरा नाही. तपास चालू हाय म्हणं."

"धागादोरा कशाला पायजे? दार मोडलं नाही, कडी तोडली नाही. गळ्यातली बोरमाळ गळ्यातच. भर दुपारी बाई सैपाकघरात उभी हाय आणि मागनं डोक्यात घाव बसतोय. आता मला सांग, बाईमाणूस पाठ करून कुणाम्होरं निवांत उभं ऱ्हातंय? घरच्याच माणसाम्होरं की."

"म्हंजे वाळूवाले न्हवंत?"

"वाळूवाले आले असते तर जीपमधनं आले असते, चौघं-पाचजण. आन् आधी दम दिला असता. ह्यो नवऱ्याचा उद्योग हाय."

यशवंतचा वस्तरा माझ्या कानशिलापाशी थांबला. तो मोठ्यानं खाकरला. बाकावरच्यांना ते कळलं नाही.

"म्हातारा करतो काय?"

"आता काय करतोय? कारखान्यात वजनकाट्यावर कारकून होता. जन्मभर अक्कांचा नवरा म्हणून ऱ्हायला. बायकोच्या गळ्यात हार पडायचे आन् ह्यो मागं पिशवी धरून उभा. किती वर्सं सोसंल माणूस? फिरलं आसंल डोकं."

"तेबी खरं हाय."

"पाहुणं," यशवंत म्हणाला, "दुसरं काय बोलायला नाही होय?"

"का ओ? तुमची कोण लागत होती?"

"माझ्या दोन्ही पोरींना पोहायला शिकवलं त्यांनी."

"मग तर तुमाला म्हाईतच आसंल की. खरं सांगा, कुणी केलं आसंल?"

यशवंत वस्तरा पट्ट्यावर घासत राहिला. मला राग आला नाही, वाईट वाटलं नाही. फक्त साबण वाळून कातडी ताणली जात होती, तेवढं जाणवत होतं.

"उरक," मी डोळे न उघडता म्हणालो. "साबण वाळला."

त्यानं उरकलं. पंच्यानं तोंड पुसून मी उठलो आणि दाराशी आलो. त्या दोघांनी माझ्याकडं पाहिलं, मग पेपरात पाहिलं. पेपरात माझा फोटो होता. दोघंही उभे राहिले. एकानं कपाळाला हात लावून नमस्कार केला. मीही केला आणि घरी आलो.

विमलला जाऊन तेव्हा पाच महिने झाले होते.

विमल नाईकनवरे हे नाव आमच्या भागात कुणाला सांगावं लागत नसे. लहानथोर सगळे तिला अक्का म्हणायचे. मुलींच्या शाळेत ती खेळाची बाई होती, पण तिचं खरं काम कृष्णेवर. दर उन्हाळ्यात सकाळी घाटावर ती मुलींना पोहायला शिकवायची. पाठीला पत्र्याचे डबे बांधलेल्या पोरी पायऱ्यांवर रांगेत बसलेल्या असायच्या आणि ही कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून एकेकीला नावानं बोलवायची. आधी आया आल्या, मग त्यांच्या मुली, मग नाती. मोठ्या पुरात खालच्या आळीतली माणसं तिनं कमरेला कासरा बांधून काढली. त्या वेळी सगळ्या पेपरांतून तिचा फोटो आला, मुंबईत सत्कार झाला. त्या सत्काराला मी खरोखरच पिशवी धरून मागं उभा होतो. तिच्यात तिची चप्पल होती, कारण व्यासपीठावर चढताना अंगठा तुटला होता. मला पोहता येत नाही. गाव त्यावर हसायचं, विमलही हसायची. मलाही त्यात काही गैर वाटायचं नाही.

शेवटची दोन वर्षं ती वाळूच्या मागं लागली होती. ठेकेदारांनी बोटी लावून नदीतनं इतकी वाळू उपसली, की जिथं पोरी उभ्या राहायच्या तिथं पाय टेकेना. विमलनं तक्रारी केल्या, कलेक्टर कचेरीसमोर पोरींना घेऊन बसली आणि शेवटी ठेका थांबला. अडचण एवढीच, की तो ठेका आमच्या मुलाच्या सासऱ्यांचा, पल्लवीच्या वडिलांचा होता. जयसिंग पुण्यात इमारतींच्या कामावर इंजिनिअर आहे. त्या वादापासून त्याचं घरी येणं तुटक झालं. यायचा, सोप्यावर बसायचा, मुक्काम न करता जायचा.

मग ती वैशाखातली दुपार. जेवून मी नेहमीसारखा पुलाजवळच्या पारावर जाऊन बसलो होतो. परत आलो तेव्हा पुढचं दार उघडं होतं. ते दिवसा उघडंच असायचं. विमल सैपाकघरात पालथी पडली होती. दूध उतू जाऊन शेगडी विझली होती आणि घरभर गॅसचा वास होता. मी आधी गॅस बंद केला, मग तिच्याजवळ बसलो. पोलिसांना मी हे असंच सांगितलं. पुढं कुणा वार्ताहराला ते कळलं आणि महिनाभर तेच चाललं. बायको रक्तात पडलेली आणि नवरा गॅस बंद करतो.

पहिला पंधरवडाभर गाव वाळूवाल्यांवर होतं. जयसिंगचे सासरे त्या दिवशी तिरुपतीला होते. त्यांच्या माणसांनाही पोलिसांनी नेऊन आणलं, काही निघालं नाही. मग कुणाला तरी नदीत बुडालेली एक मुलगी आठवली. ती विमलच्या वर्गातली नव्हती, पण तिचा भाऊ डोक्यानं अधू होता, म्हणून चार दिवस तो. मग म्हणे वाळू उपसताना मोहरांचा हंडा सापडला होता आणि अक्कांनी तो पाहिला होता. एका निवृत्त मामलेदारांनी सांजच्या पेपरात लेखमालाच लिहिली. केबलवर चर्चा झाली, तिच्यात विमलला कधी न पाहिलेली माणसं तिचा स्वभाव सांगत होती. चहाच्या गाड्यावर, दळणाच्या रांगेत, दवाखान्यात, सगळीकडं हाच विषय. आणि फिरून फिरून सगळे माझ्यावर यायचे. पारावर मला कुणी पाहिलं नव्हतं. मी रडलो नव्हतो. चॅनेलवाल्या मुलीनं तोंडासमोर माईक धरला, "आजोबा, लोक म्हणतात तुम्हीच केलंत, तुम्हाला काय वाटतं?" तेव्हा मी म्हणालो होतो, "माझं काही म्हणणं नाही."

ते वाक्य लोकांना पाठ झालं होतं.

शेजारच्या सिंधूवहिनी आधी आत येऊन भाजी ठेवायच्या. मग वाटी कट्ट्यावर ठेवून हाक मारायच्या. मग हाकही मारेनाशा झाल्या. मी वाटी घासून परत कट्ट्यावर ठेवायचो. दूध दोघांचंच यायचं, ते कमी करायला सांगायचं राहून गेलं होतं. उरलेलं नासायचं, मी ते ओतून द्यायचो. दिवस जायचा. कुणी विचारलं असतं, तुम्हाला काय होतंय, तर सांगण्यासारखं काही नव्हतं. अंगात कापूस भरल्यासारखं होतं, बस्स.

दसरा झाल्यावरच्या रविवारी जयसिंग आला. त्यानं सोपा झाडला, माठ धुऊन भरला, पिठलं केलं. भाकरी त्यानं येताना कोपऱ्यावरच्या खानावळीतनं आणल्या होत्या. ताट वाढून माझ्यासमोर ठेवलं आणि स्वतः भिंतीला टेकून बसला.

"जेवा अण्णा."

"ठेव. जेवतो."

"मागच्या वेळीही असंच म्हणालात. ताट तसंच होतं."

मी अंगणातल्या तारेवर वाळत घातलेल्या माझ्या धोतराकडं बघत होतो.

"अण्णा, इकडं बघा."

"बघतोय की."

"नाही बघत. आई गेल्यापासून तुम्ही माझ्याकडं बघितलेलं नाही. मी खोलीत आलो की तुम्ही उठून जाता. दिवसकार्यात माझ्या शेजारी बसायचं होतं, तर तुम्ही गुरुजींच्या पलीकडं जाऊन बसलात. माझ्या लक्षात येत नाही असं वाटतं का तुम्हाला?"

मी ताट थोडं बाजूला सरकवलं.

"पल्लवी म्हणते, अण्णांना इकडं घेऊन या. मग दुसऱ्या दिवशी म्हणते, आत्ताच नको. तिचं तरी काय चुकलं? मी ऑफिसात गेलो की माणसं बोलायची थांबतात. परवा एकानं सरळ विचारलं, तुझे वडील अजून बाहेरच आहेत का."

"मग तू काय म्हणालास?"

"काय म्हणणार? तुम्ही मला काही सांगितलंय का? तुम्ही एकदाही रडला नाहीत. कुणी काही म्हणालं तर नाही म्हणत नाही. पाच महिने झाले. माणूस निदान शिव्या तरी देतो."

मग तो पुढं सरकला आणि माझ्या अगदी समोर येऊन बसला. आवाज एकदम खाली आला.

"मला एकदाच सांगा. मी कुणाला सांगणार नाही. पल्लवीलासुद्धा नाही. तुमच्या हातून झालं का?"

मी त्याच्याकडं पाहिलं. त्या पाच महिन्यांत पहिल्यांदा पाहिलं. डोळे तांबारले होते, दाढी वाढली होती, खालचा ओठ हलत होता. लहानपणी शाळेत मार खाऊन आला की हलायचा तसा. तो मला जोखत नव्हता. मला अडकवू बघत नव्हता. त्याला खरंच माहीत नव्हतं. ते माझ्याकडून कळावं म्हणून तो पुण्याहून आला होता.

मला एकदम कडाडून भूक लागली.

"नाही," मी म्हणालो. "मी नाही केलं."

"शपथ?"

"तुझी शपथ. ताट सरकव इकडं."

मी जेवायला बसलो. पिठलं गार झालं होतं, त्यात मीठ जास्त होतं, आणि मी ते दोन भाकऱ्यांबरोबर पुसून खाल्लं. आणखी मागितलं. जयसिंगनं वाढलं, पण त्याचा चेहरा बघवत नव्हता. बायकोला मारलंस का म्हणून विचारल्यावर जो माणूस जेवायला बसतो, त्याच्याकडं बघावं तसा तो माझ्याकडं बघत होता. मला ते दिसत होतं, पण थांबता येत नव्हतं.

मग पाण्याचा तांब्या तोंडाला लावला आणि तो तसाच राहिला.

"काय झालं?" जयसिंग म्हणाला.

"शेंडगेसाहेब रविवारचे असतात का रे ठाण्यात?"

"कशाला?"

"जायला पाहिजे. एक सांगायचंय."

त्यानं माझ्या हातातला तांब्या घेऊन खाली ठेवला. मग म्हणाला, "अण्णा, तुम्ही आत्ता शपथ घेतलीत."

"ती खरी आहे."

"मग काय सांगायचंय?"

"तिथंच सांगतो. दोनदा बोलायला जमणार नाही मला."

तो उठून मोरीवर गेला. पाण्याचा आवाज येत राहिला. नुसते हात धुवायला लागतो त्याहून पुष्कळ जास्त वेळ. परत आला तेव्हा तोंड ओलं होतं.

"मी वकिलांना फोन करतो. कऱ्हाडला माझ्या ओळखीचे एक आहेत. ते येईपर्यंत थांबू."

"वकील नको."

"बरं," तो म्हणाला. मग खाली बसून त्यानं माझ्या चपला माझ्या पायांपुढं सरळ करून ठेवल्या. "काहीही असू दे अण्णा. काहीही असू दे. मी आहे."

आम्ही चालत निघालो. त्यानं माझा दंड धरला होता. रविवार असल्यामुळं माणसं घरीच होती. सिंधूवहिनी कट्ट्यावर गहू निवडत होत्या, त्यांचा हात सुपातच राहिला. पिठाच्या गिरणीपुढचे लोक बोलायचे थांबले. आम्ही चौकात पोचलो तेव्हा आमच्या मागं थोड्या अंतरावर पाच-सहाजण चालत होते. मुलगा बापाला ठाण्यात घेऊन चाललाय हे गावाला सांगायची गरज नव्हती.

शेंडगे हजर होते. चांगला माणूस. माझी चौकशी त्यांनी कितीतरी वेळा केली होती, पण कधी अरेतुरे केलं नव्हतं. त्यांनी आम्हाला समोर बसवलं, शिपायाला दार ओढून घ्यायला सांगितलं आणि कागद पुढं ओढला.

"बोला काका."

"त्या दुपारी मी पारावर होतो, हे मी तुम्हाला सांगितलंय."

"हो. आणि तुम्हाला तिथं कुणी पाहिलं नाही, हे मी तुम्हाला सांगितलंय."

"मी एकाला पाहिलं."

शेंडग्यांनी जयसिंगकडं बघितलं. जयसिंग माझ्याकडं बघत होता.

"घाटाच्या पायऱ्यांवरनं एकजण वर आला," मी म्हणालो. "हात ओले होते. पँटला पुसत होता. पुलावर चढला आणि पलीकडं निघून गेला."

"कधी हे?"

"मी घरी जायच्या जरा आधी. त्याला बघूनच मी घरी गेलो."

"वय काय असेल?"

"पाठमोरा होता. तिशी-पस्तिशीचा असावा. निळा शर्ट, बाह्या दुमडलेल्या. डावा खांदा जरासा उतरता. चाल भरभर."

"चेहरा?"

"नाही दिसला."

"एकदाही वळला नाही?"

"मी हाक मारली. वळला नाही. उलट पाय उचलले त्यानं."

शेंडगे लिहीत होते ते थांबले. "अनोळखी माणसाला हाक मारलीत?"

मी टेबलावरच्या कागदाकडं बघितलं.

"काका, काय म्हणून हाक मारलीत?"

माझ्या शेजारी जयसिंग बसला होता. लहानपणी तो चिंचेवरनं पडला तेव्हापासून त्याचा डावा खांदा थोडा उतरता आहे. इस्त्रीच्या शर्टात दिसत नाही, चालताना दिसतो.

"जयू म्हणून," मी म्हणालो.

बाहेर माणसं जमली होती, त्यांची कुजबुज दारातून ऐकू येत होती.

विमल गेली त्याच्या आधी दोन महिने जयसिंग घरी आला होता. वाळूवरून दोघांची जुंपली. विमल उठून नदीवर निघून गेली. जयसिंग चप्पल घालता घालता मला म्हणाला होता, "ही बाई असेपर्यंत माझा संसार काही धड व्हायचा नाही." रागात माणूस काय वाटेल ते बोलतो. मी ते विसरलोही होतो. पुलावर ती पाठ दिसली तेव्हा मला आनंदच झाला. वाटलं, पोरगा भांडण मिटवायला आला असेल, आईला भेटून चालला असेल, आपली चुकामूक झाली. म्हणून हाक मारली. तो वळला नाही. मग म्हटलं, परत काहीतरी वाजलेलं दिसतंय, घरी जाऊन बघावं. घरी येऊन मी गॅस बंद केला, तिच्याजवळ बसलो, आणि मला ते ओले हात आठवले.

संध्याकाळी जयसिंग पुण्याहून आला. त्याच्या अंगात पांढरा शर्ट होता. तो दारातून रडत आत येत होता आणि मी त्याचा शर्ट बघत होतो.

त्या दिवसापासून मी त्याच्याकडं बघायचं टाळलं. बघितलं असतं तर कळलं असतं, असं मला वाटायचं, आणि कळायला नको होतं. गाव माझ्यावर घसरलं तेव्हा मला बरं वाटलं. ते माझ्याकडं बघत होते तोवर दुसरीकडं बघणार नव्हते. एक गेली होती, दुसरा जायला नको होता. याच्यापुढं माझं डोकं चालत नव्हतं. आणि त्या रविवारी तो माझ्यासमोर बसून विचारत होता, तुमच्या हातून झालं का. ज्यानं केलंय तो असं विचारत नाही.

मला सुटल्यासारखं झालं ते त्यामुळं. पण पाण्याचा तांब्या उचलला तेव्हा लक्षात आलं, की तो जयू नव्हता तर पुलावरनं कोण गेला? आणि मी त्याला पाच महिने जाऊ दिलं होतं.

शेंडग्यांनी पेन खाली ठेवलं. ते रागावले नाहीत. "काका, हे त्याच दिवशी सांगितलं असतंत तर पुलापलीकडच्या स्टँडवर माणसं पाठवली असती. कंडक्टर, रिक्षावाले, कुणीतरी बघितलाच असता. आता मी काय करू? पाठीवरनं माणूस कसा शोधू?"

"माहीत आहे," मी म्हणालो.

मग ते जयसिंगकडं वळले. त्यांना वळावंच लागणार होतं, हे मला तोपर्यंत सुचलं नव्हतं.

"जयसिंगराव, त्या दुपारी तुम्ही कुठं होता?"

जयसिंगला प्रश्न कळायला वेळ लागला. "साइटवर. स्लॅब ओतायचा होता त्या दिवशी."

"बरोबर कोण होतं?"

"सगळे. मुकादम, गवंडी, मिक्सरवाले."

"नावं लिहून द्या," शेंडगे म्हणाले आणि कागद त्याच्यापुढं सरकवला. तो लिहीत होता आणि मी खाली फरशीकडं बघत होतो.

पुढचं थोडक्यात सांगतो. दुसऱ्याच दिवशी पेपरात आलं, अक्का खून प्रकरणाला नवं वळण, पतीचं मुलाकडं बोट. पोलिसांनी पुण्याला जाऊन माणसांना विचारलं. जयसिंग दिवसभर स्लॅबवर होता हे सगळ्यांनी सांगितलं आणि पोलिसांची खात्री पटली. गावाची पटली नाही. गावाला स्लॅब मान्य नव्हता. मजूर काय, सांगाल ते सांगतात. सासऱ्याचा ठेका गेला होता, जावयाला राग असणारच. बाप इतके दिवस पोराला पाठीशी घालत होता, शेवटी बोलला. माझ्यावरचा संशय उडाला आणि लोक मला परत नमस्कार करायला लागले. सिंधूवहिनी आत येऊन भाजी ठेवू लागल्या. जे पाच महिने मी अंगावर घेऊन बसलो होतो ते सगळं मी एका दुपारीत जयसिंगच्या अंगावर टाकलं होतं. पल्लवी काही दिवस माहेरी जाऊन राहिली, मग परत आली. त्याची ती नोकरी सुटली, दुसरी लागली.

निळ्या शर्टातला माणूस सापडला नाही. तो कोण, कशाला आला होता, वाळूवाल्यांनी पाठवला होता की चोर होता की आणखी कुणी, याचा आजपर्यंत पत्ता नाही. असा माणूस कधी नव्हताच, म्हाताऱ्यानं बनवला, असं म्हणणारेही आहेत. आता मी पुण्याला जयसिंगकडंच असतो. शेंडग्यांची बदली झाली, त्यांच्या जागी आलेल्यांचीही झाली. अजून कुणी आमच्या भागातलं भेटलं आणि नाव ऐकलं की जरा थांबतं, इकडचं तिकडचं बोलतं आणि शेवटी विचारतं, पण खरं सांगा, कुणी केलं असेल हो?

त्या रविवारी ठाण्यातनं बाहेर पडलो तेव्हा पायऱ्यांखाली माणसं उभी होती. शिपायानं त्यांना हाकललं, ती रस्त्यापलीकडं जाऊन उभी राहिली. जयसिंग शेवटच्या पायरीवर बसला. मी त्याच्या शेजारी बसलो.

"तुम्हाला मी वाटलो," तो म्हणाला.

"पाठ तुझी होती."

"पाठ." तो हसल्यासारखं करून थांबला. "मी आईला मारलं असं तुम्हाला वाटत होतं आणि तुम्ही मला जेवायला बस म्हणत होता. दिवसकार्य माझ्या हातून करून घेतलंत."

"दुसऱ्या कुणाच्या हातून करून घेणार?"

"विचारायचं होतं मला. पहिल्याच दिवशी. नुसतं विचारायचं."

"तू तरी कुठं विचारलंस?"

"विचारलं की. उशिरा का होईना, मीच विचारलं." मग रस्त्याकडं बघत म्हणाला, "तो माणूस सापडला असता अण्णा."

तो उठला आणि चालायला लागला. माझ्यासाठी थांबला नाही. येताना धरलेला दंड त्यानं आता धरला नाही. मीही उठलो, पण मला तेवढं भरभर चालता येत नव्हतं. आमच्यातलं अंतर वाढत गेलं. तो चौकाच्या दिशेनं चालला होता, बाह्या दुमडलेल्या, डावा खांदा उतरता, मान जराशी पुढं. उन्हात ती पाठ लहान लहान होत होती. रस्त्यापलीकडची माणसं एकदा त्याच्याकडं बघत होती, एकदा माझ्याकडं.

मी थांबलो आणि हाक मारली.

"जयू."

तो आणखी दोन-चार पावलं गेला. मग थांबला. लगेच नाही, पण वळला. इतक्या लांबूनही त्याचं तोंड मला स्वच्छ दिसलं.

"काय?" तो म्हणाला.

"काही नाही," मी म्हणालो.

मी पोचेपर्यंत तो तिथंच उभा राहिला.